पळीवरचा शिक्का

चमचा हातात आला की मी तो आधी उलटा करतो. लग्नाच्या पंगतीत, खानावळीत, कोणाच्या घरी पोह्यांची बशी पुढे आली असता, सर्वत्र. लोक हसतात. काहींना तो अपमान वाटतो. आपल्या घरातले भांडे हा गृहस्थ तपासतो आहे, अशी त्यांची समजूत होते. मी तपासत नसतो. पोलादी चमच्याच्या पाठीवर माझ्यासाठी काही नसते, हे मला ठाऊक आहे. हाताला लागलेले ते वळण आहे आणि या वयात ते सुटणार नाही.

माझ्या कामाविषयी लिहावे, अशी सूचना या अंकाच्या संपादकांनी केली. सोनाराच्या कामात वाचण्यासारखे थोडेच असते. परंतु माझ्या उमेदीची वर्षे दागिन्यांत गेली नाहीत. ती मुंबईत, परदेशी चांदीच्या जुन्या भांड्यांचा व्यापार करणाऱ्या एका शेठजींच्या कारखान्यात गेली. चहादाण्या, तबके, मीठदाण्या, काटे, चमचे. पडलेले पोचे काढणे, तुटलेले कान जोडणे, झिजलेली कड सरळ करणे, हे माझे काम. नव्वदच्या सुमारास शेठजींनी व्यवहार आवरला आणि मी मुरबाडला परत आलो. बाजारपेठेत वडिलांची जागा होती. तेथे बसू लागलो. येथे कामे निराळी: जोडवी, करगोटे, पैंजण, आणि लग्नसराईच्या आधी उजळायला येणारे घराघरांतले देवांचे टाक.

माझे खरे शिक्षण फ्रान्सच्या चांदीवर झाले, म्हणून तिच्याविषयी चार वाक्ये सांगितली पाहिजेत.

चांदी निखळ वापरता येत नाही. ती मऊ असते. तिच्यात थोडे तांबे मिसळावे लागते. किती मिसळले हे डोळ्यांना दिसत नाही, आणि सारी फसवणूक तेथेच होते. म्हणून फ्रान्सच्या सरकारने फार पूर्वीपासून शिक्क्याची पद्धत बसवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे भांडे असेल तर त्यावर शिरस्त्राण घातलेल्या एका स्त्रीचे मस्तक असते. ती युरोपातील एक प्राचीन देवी, विद्येची आणि कारागिरांची. तिच्या कपाळासमोर एकचा आकडा असेल तर हजार भागांत साडेनऊशे भाग चांदी. त्याशेजारी घडवणाऱ्याचा शिक्का: शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, आत त्याची आद्याक्षरे आणि एखादे चिन्ह. भांडे भरीव चांदीचे नसून नुसता मुलामा असेल, तर तेथील कायद्याने घडवणाऱ्याची चौकट शंकरपाळी असू शकत नाही. ती चौकोनी असते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी मनुष्य फसत नाही.

आणखी एक खुबी आहे. शिक्का मारताना भांडे ज्या ऐरणीवर ठेवायचे, ती ऐरणही कोरलेली असते. तिच्यावर बारीक किडे असतात: भुंगे, टोळ, मुंग्या. वरून हातोडी पडली की पुढे देवी उमटते आणि त्याच क्षणी नेमकी मागे किड्याची पाठ उमटते. खोटा शिक्का पाडणारा देवी कोरील. तिच्या मागचा तो किडा मात्र त्याला साधत नाही. भिंगाखाली पहिल्यांदा तो किडा पाहिला, तेव्हा मी विशीत होतो. त्या दिवशी दुपारचा डबा खायचा राहिला होता.

हे सारे मुरबाडला कोणाला सांगायचे, असा प्रश्न होता. मुंबईत शेजारच्या बाकावर बसणारा माणूस भिंग मागून घेत असे आणि पाहून मान हलवीत असे. एवढे पुरते. येथे मान हलवणारा कोणी नव्हता.

अर्थात, परदेशी चांदी या तालुक्यांत अजिबात येत नव्हती असे नाही. शहापूरजवळ नाशिकच्या रस्त्यावर त्या काळात नवी विश्रामगृहे उभी राहत होती. त्यांपैकी एकाचे मालक मोटार घेऊन आले. बरोबर लाकडी पेटी. आत मखमलीवर काटे-चमचे, कोण्या संस्थानिकाकडचे म्हणून त्यांनी मुंबईत घेतलेले. ते भोजनगृहात काचेच्या कपाटात मांडायचे होते आणि खास पाहुण्यांपुढे वापरायचेही होते. मी एक चमचा उलटा केला. चौकोन. दुसरा. चौकोन.

"मुलामा आहे," मी सांगितले.

"बाबा, जेवणारा मनुष्य चमचा उलटा करून पाहतो का?"

"मी पाहतो."

ते हसले. "मग तुम्हाला जेवायला बोलवायचं नाही, एवढंच ध्यानात ठेवतो." त्यांनी ते ध्यानात ठेवले.

दुसरे प्रकरण मनाला लागून राहिले. शहापूरचेच एक वृद्ध खानसामा, मुंबईत एका पारशी कुटुंबाकडे जन्मभर स्वयंपाक केलेले. मालकिणीने जाताना त्यांना फ्रान्सचे डझनभर काटे दिले होते. काट्यांच्या दांड्यांवर, मागच्या बाजूस, गुंफलेली अक्षरे कोरलेली होती. फ्रान्समध्ये मेजावर काटा पालथा ठेवण्याची रीत आहे, म्हणून नाव पाठीवर कोरतात. खानसाम्यांना नातीच्या लग्नासाठी ते आटवून पैंजण करून हवे होते. मी नाही म्हटले.

"तुम्ही सोनार ना?" त्यांनी विचारले. "मग नाही कशाला म्हणता? लग्नात पोरीला काटे कोण देतं?"

"काटे ठेवा. पैंजणांना मी दुसरी चांदी देतो."

त्यांना त्यात काहीतरी डाव दिसला. मी एवढा आग्रह करतो त्या अर्थी काटे लाटायला बसलो आहे, असे त्यांनी मानले आणि पेटी उचलून ते निघून गेले. दुसऱ्या कोणी आटणी करून दिली. पुढे एका लग्नात त्या नातीला मी पाहिले. पैंजण चांगले झाले होते. त्या पैंजणांत काय होते, हे मांडवात मला एकट्याला ठाऊक होते. मी जेवून परत आलो.

आता ज्या चमच्यासाठी हे लिहायला बसलो, त्याविषयी.

टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तेथील पदीबाई एका उन्हाळ्यात दुकानाची पायरी चढून आली. मध्यम वयाची, काटक, बोलायला मागेपुढे न पाहणारी. पदराच्या गाठीतून तिने एक काळाठिक्कर चमचा काढून समोर ठेवला. लांब दांड्याचा, मोठ्या वाटीचा.

"बाबा, आमची पळी उजळून द्या. पोराचं उष्टावण हाय."

मी ती उलटी केली. काजळी अंगठ्याने पुसली आणि भिंग डोळ्याला लावले. दांड्यावर, वाटीच्या जरा वर, शंकरपाळी. तिच्याखाली शिरस्त्राण, नाक, हनुवटी, कपाळासमोर एक. पुढची बाजू पाहिली. त्याच जागी किडा, बहुधा भुंगा. एक पाय झिजलेला.

मी डोळ्याचे भिंग काढीना, तेव्हा पदीबाईने विचारले, "खोटी हाय का?"

"नाही. कोणाची आहे?"

"वाडीची."

"म्हणजे नेमकी कोणाची?"

"म्हंजी सगळ्यांची. पोराला पयला घास हिच्यानं, म्हाताऱ्याला शेवटचं पानी हिच्यानं. मधी जेवायला ज्याची त्याची बोटं हायेत."

वाडीत ती कशी आली, तेही तिने सांगितले. तिच्या सासूच्या सासूच्या काळी एक गोरा साहेब शिकारीला आला आणि तापाने पडला. वाडीने त्याला त्याच्याच चमच्याने पेज पाजली. तो बरा होऊन गेला आणि चमचा ठेवून गेला. यात खरे किती, हे मी सांगू शकत नाही. चमचा मात्र खरा होता.

"काळी कशाने झाली?"

"विस्तवानं. मयत झालं का चुलीत धरतो लाल होईस्तवर. मंग ती बाळाच्या तोंडाला चालती."

"चुलीत धरू नका. तापवून तापवून चांदी मऊ पडते. मग वाकते, सरळ केली की तडकते. उकळत्या पाण्याने धुवा."

"पान्यानं मरान जातंय व्हय, बाबा?"

मी तिच्या हातात भिंग दिले आणि कसे धरायचे ते दाखवले. ग्राहकाच्या हाती भिंग देण्याची माझी पद्धत नाही.

"आगो बाय," ती म्हणाली. "ही कोन?"

"त्यांच्याकडची देवी आहे. जुनी."

"मंग आमी काय येगळं सांगतो? देवीच हाय." तिने पळी फिरवली. "नि देवीच्या पाठी किडा कशाला?"

मी ऐरणीची गोष्ट सांगितली. तिने ती पुरती ऐकली. "बरं केलं," ती म्हणाली. "किडा पाठी लागला का कोन खोटं करीत नाय."

मुरबाडला आल्यापासून त्या शिक्क्याविषयी माझ्याशी कोणी एवढे बोलले नव्हते. म्हणूनच असेल, मी न विचारण्यासारखे विचारले. "ही थोडे दिवस माझ्याकडे ठेवाल?"

"कशाला?"

"पाहायला."

"पायला?" तिने माझ्याकडे नीट पाहिले. "पळी काय नवरी हाय? वाडीत दोघी पोटुशा हायेत नि घरात सासू थकल्याली. पळी वाडीबाहेर रात काढीत नाय, बाबा. कवाच नाय."

मी पळी उजळून दिली. पॉलिशची चाकी लावली नाही. तिने शिक्का झिजतो. खडूची भुकटी आणि मऊ कापड घेऊन हातानेच काम केले. दुपारच्या जीपने पदीबाई गेली. संध्याकाळी शेजारच्या कापड दुकानदाराला मी सांगितले, की आज माझ्याकडे फ्रान्सचा शंभर वर्षांहून जुना चमचा आला होता. त्याने वजन विचारले.

त्यानंतरचा मधला काळ येथे सांगण्यासारखा नाही. याच काळात माझी पत्नी गेली. कल्याणच्या रुग्णालयात. शेवटचे पाणी घालायला चमचा सापडेना. आयुष्यभर चमचे जोडलेल्या माणसाने ते बाटलीच्या झाकणाने घातले. मुलगा नोकरीसाठी दूर असतो. तो आला, दिवस झाल्यावर परत गेला. मी दुकान उघडले.

पुढच्या हिवाळ्यात, म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत, पदीबाई पुन्हा आली. सकाळची वेळ होती. मी नुकती शेगडी पेटवली होती. या वेळी तिच्याबरोबर तिचा नवरा वाळकू होता. मोठ्या हाडाचा, संथ माणूस. त्याने फडके उलगडले. पळीचे दोन तुकडे झाले होते.

"हिनं मोडली," वाळकू म्हणाला.

"मी मोडली? वाकडी झाली म्हनून सरळ कोनी केली? गुडघ्यावर घेऊन? बैलाचं जू हाय का ती?"

"वाकडी कोनी केली पन?"

"चुलीनं केली. बाबा सांगत व्हते तवा तुमी सगळे हसलात."

मी दोघांना गप्प राहायला सांगितले. मग पदीबाई हळू आवाजात बोलली. तिच्या सासूने, बुधीबाईने, अन्न सोडले होते. पाणी मागत होती, पण घोट गिळत नव्हती. तांब्या तोंडाला लावला तर तोंड फिरवीत होती. तिला पळी हवी होती. वाडीतल्या कित्येकांना तिने आपल्या हाताने त्या पळीने पाणी घातले होते. आता तिची पाळी आली आणि ती सगळे समजून वाट पाहत पडली होती.

"आताच्या आता जोडून द्या, बाबा," वाळकू म्हणाला.

मी तुकडे भिंगाखाली धरले. ज्या जागी शिक्का मारतात तेथे धातू दबून पातळ झालेला असतो. चुलीने तो मऊ पाडला, वाकवून सरळ करताना तो तडकला, आणि तडा नेमका शिक्क्यातून गेला होता. शिरस्त्राण एका तुकड्यावर, हनुवटी दुसऱ्यावर. भुंगाही मधोमध चिरलेला.

असा तुटलेला दांडा जोडण्याच्या दोन रीती आहेत. एकीत दोन्ही टोकांना आतून बारीक भोके पाडतात, आत चांदीची तार बसवतात आणि कडांना केसाएवढी झाळ, म्हणजे लवकर वितळणारी जोडचांदी, देतात. तुटलेल्या कडा जशाच्या तशा एकमेकींना भिडतात, म्हणून शिक्का वाचतो. त्यासाठी लागणारे बारीक गिरमिट मुंबईच्या माझ्या जुन्या सोबत्याकडे होते. दोन दिवसांचे काम. दुसरी रीत गावठी, परंतु पक्की: दोन्ही टोके कानशीने तिरकी घासायची, एकावर एक बसवायची आणि झाळायची. जोड जन्मभर टिकते. मात्र घासायचे ते नेमके शिक्क्याचेच अंग.

कारखान्यात पहिल्या दिवशी आम्हाला एक नियम सांगितला जाई. शिक्क्याजवळ आग न्यायची झाली तर शिक्क्यावर गेरूचा लेप द्यायचा, म्हणजे झाळ तिकडे वाहत नाही. आणि शिक्क्यावर कानस कधीही नाही. पोचा राहिला तरी चालेल, शिक्का गेला तर ते भांडे अनाथ झाले. ते कोठले, कोणी घडवले, खरे की खोटे, हे सांगणारे मग कोणी उरत नाही. हा नियम मी एकदाही मोडला नव्हता.

"दोन दिवस लागतील," मी म्हणालो.

दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

"दोन दिस म्हातारी कशी काढल?" वाळकू म्हणाला.

मी कपाटातून एक नवा चांदीचा चमचा काढून पुढे ठेवला. "तोवर हा न्या. चांदी चोख आहे. परत आणून द्या."

पदीबाईने त्याला हातही लावला नाही. "बाबा, राग मानू नका. ही कोनाकोनाच्या तोंडात गेलीय?"

"कोणाच्याच नाही. नवी आहे."

"तेच तर. माज्या सासऱ्याचं पानी त्या पळीनं झालं. माजा एक पोर गेला, त्याचं बी. म्हातारीला तिकडं जायचंय, तर त्यांच्याच पळीनं जाऊ दे ना. नव्या चमच्याला ती कोन, नि तिला नवा चमचा कोन?"

मी चमचा कपाटात परत ठेवला. मग तुकडे पुन्हा एकदा भिंगाखाली घेतले. शिरस्त्राण, हनुवटी, किड्याची पाठ. जेवढे पाहायचे होते तेवढे पाहून घेतले आणि कानस उचलली.

देवी फार लवकर गेली. इतक्या वर्षांत न झिजलेली रेघ कानशीच्या थोड्याच हातांत पांढरी भुकटी झाली. नंतर शंकरपाळीचे अर्धे अंग गेले. मी दोन्ही टोके जुळवली, बारीक तारेने आवळून बांधली, टाकणखाराचे पाणी लावले, झाळेचा कण ठेवला आणि फुंकणी तोंडात धरली. या कामात श्वास तुटता कामा नये. नाकाने घ्यायचा आणि गालांतून सोडत राहायचा. वाळकूही श्वास रोखून उभा होता, त्याचे काही काम नसताना. झाळ वितळली, कडेने चमकत पळाली, आणि जोड बसली. पाण्यात विझवली, आंबट पाण्यात टाकून साफ केली, घासून गुळगुळीत केली, म्हणजे ओठाला काही लागणार नाही.

बाकावरचा कीस मी नेहमी गोळा करतो. त्या दिवशीचाही केला आणि नेहमीच्या डबीत टाकला. चांदीच्या किसाला नाव नसते.

पदीबाईने पळी हातात घेऊन पाहिली. "आखूड झाली गो."

"तोंडापावत पोचली का झालं," वाळकू म्हणाला.

"एक ऐका," मी म्हणालो. "यापुढे ही चुलीत धरायची नाही. धरलीत तर जोड उघडेल, आणि पुन्हा जोडायला तेथे काही उरलेले नाही."

वाळकू घुटमळला. "हे वाडीला कोन सांगल?"

"मी सांगंन," पदीबाई म्हणाली. "चला आता."

ते गेले. जीपचा तळ माझ्या दुकानातून दिसतो. थोड्या वेळाने पाहिले तर दोघे जीपमध्ये बसून होते आणि जीप जागची हलली नव्हती. लोक जत्रेसाठी म्हशाकडे चालले होते; टोकावड्याच्या बाजूला जाणारे कोणी नव्हते. मी दुकानाला कुलूप लावले आणि तेथे गेलो. चालक ओळखीचा होता.

"निघत का नाही?"

"बाबा, एक सीट कमी हाय. सीट भरली का लगेच."

मी आत बसलो. "भरली. चल."

"तुमी कुटं निगालात?" पदीबाईने विचारले.

"टोकावडे."

वाटभर पदीबाई पळी पदराखाली दोन्ही हातांनी धरून बसली होती, तान्ह्या मुलाला वारा लागू नये म्हणून धरतात तशी. वाळकू रस्त्याकडे पाहत होता. टोकावड्याच्या पुढे, वाडीच्या वाटेपाशी ते दोघे उतरले; मीही उतरलो. पदीबाई काही बोलणार होती. वाळकूने तिला हाक मारली आणि दोघे झपाझप चालू लागले. वळणावर ती धावू लागलेली मला दिसली. मग दिसली नाही.

मी चालत टोकावड्याला परत आलो. मुरबाडकडची एसटी यायला अवकाश होता. रस्त्याकडेच्या धाब्यावर उसळ मागवली. तिच्याबरोबर चमचा आला. मी तो उलटा केला. पाठीवर काही नव्हते.

घोट पोहोचला की नाही, हे मला उन्हाळ्यापर्यंत कळले नाही. विचारायला जाण्याचा माझा संबंध नव्हता. शेवटी एका दुपारी पदीबाई आली, एकटी. पायरीवर बसली, पाणी प्यायली.

"पोचलो आमी," ती म्हणाली. "म्हातारी जागी व्हती. पळी बघितली नि हातानं चाचपली. म्हनली, बारकी झाली रं. दोन पळ्या गिळल्या. तिसरी व्हटातून आली."

"ओठाला जोड लागली का?"

"आता तिला कसं विचारू, बाबा?"

तिने पदराची गाठ सोडून पळी माझ्यासमोर ठेवली. स्वच्छ होती, पांढरी. काजळीचा मागमूस नव्हता.

"विस्तव नाय दावला," ती म्हणाली. "वाडी लय बोलली. म्हातारीचं मरान पळीला तसंच चिकटलंय म्हनत व्हती. मी म्हनलं, चिकटू दे, म्हातारीचंच हाय, परक्याचं नाय. उकळत्या पान्यानं धुतली. काल नातवाचं उष्टावण केलं हिनंच. तेवडी जोड बघा. पुढं दोघी-तिघी हायेत अजून."

मी पळी उलटी केली. जुनी जोड तपासण्याची एक साधी रीत आहे: चांदीवर तोंडाची वाफ सोडायची. वाफ बसते तेव्हा झाळेची रेघ क्षणभर वेगळी दिसते आणि वाफ उडाली की नाहीशी होते. मी वाफ सोडली. रेघ आली, सरळ, कोठे तुटलेली नाही, आणि गेली. तिच्या वर शंकरपाळीचा उरलेला कोपरा होता. बाकी पाठ कोरी.

"चांगली आहे," मी म्हणालो.

पदीबाईने पळी पुन्हा गाठीत बांधली. उठताना तिने दुकानाच्या आत, मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिले.

"पयल्या वेळेला घरात आई व्हत्या. च्या दिला व्हता मला."

"ती वारली."

"नि पोर?"

"दूर असतो. फोन करतो."

"मंग तुमाला पानी कोन घालनार?"

या प्रदेशातले लोक असे प्रश्न सरळ विचारतात. त्यात वाईट हेतू नसतो. मी बाकावरची हत्यारे सारखी करू लागलो.

"निरोप धाडा," ती म्हणाली. "पळी येल. वाडीबाहेर आमी कुनाला देत नाय. पन तुमचा हात लागलाय तिला, म्हंजी तुमी तिचेच."

"ती वाडीबाहेर रात्र काढत नाही ना?"

"मंग दिवसा मरा, बाबा," पदीबाई म्हणाली आणि जीप गाठायला निघाली.

आता मी दुकानात फारसा बसत नाही. डोळे बारीक कामाला चालत नाहीत. पदीबाई त्यानंतर आली नाही. जोड तुटली असती तर आली असती, असा माझा हिशोब आहे. ती जोड टिकेल, याची हमी मी देतो. टोकावड्यापर्यंत निरोप कोण नेईल, याची देता येत नाही.